जिप्सीचा घरगुती लिफ्ट (म्हणजे गाडी उंच करणं), आठ महिने वापरून: सगळं एका पाचरीवर अडलं

गेल्या महिन्यात दाजीपूरहून परतताना राधानगरीच्या अलीकडं ब्रेक दाबला आणि गाडी एकदम डावीकडं ओढली. बाजूला घेऊन खाली वाकलो. पुढच्या डाव्या पाट्यावरची (लीफ स्प्रिंगवरची) अ‍ॅल्युमिनियमची पाचर सेंटर बोल्टच्या भोकातून चिरलेली, निम्मा तुकडा गायब, आणि पाटा चाकांच्या आडव्या दांड्याला (अ‍ॅक्सलला) धरून ठेवणाऱ्या यू बोल्टचा नट नुसत्या बोटांनी फिरत होता. पान्यानं आवळला आणि तीसच्या वेगानं घर गाठलं. लेक शेजारी बसली होती. म्हणून हे लिहायला घेतलंय.

लिफ्ट एकूण दोन इंचांचा. कोल्हापूरच्या उद्यमनगरात पुढं-मागं एकेक जादा पाटा (पोलादी पट्टी) भरून दीड इंच मिळाला, उरलेला अर्धा शॅकलनं, म्हणजे पाट्याचं एक टोक चॅसीला टांगणाऱ्या कडीनं. शॅकल एक इंच लांब केलं की उंची अर्धाच इंच वाढते, कारण पाट्याचं दुसरं टोक जागेवरच असतं. त्यामुळं दोन्ही इंच नुसत्या शॅकलवर काढायच्या भानगडीत पडू नका. शॉक अ‍ॅब्झॉर्बर लांब घेतले, यू बोल्ट नवे घेतले, चाक पूर्ण लटकवून ब्रेकच्या नळ्या ताणत नाहीत ना ते बघितलं. पाचरीचा विचार मात्र सगळ्यात शेवटी केला, आणि तिथंच चुकलं.

जिप्सीचं पुढचं शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला असतं. ते लांब झालं की पुढचं टोक खाली उतरतं, अ‍ॅक्सल पुढं कलतो आणि कॅस्टर, म्हणजे चाक ज्यावर वळतं त्या खुंटीचा मागं झुकलेला कोन, कमी होतो. मग वळणानंतर स्टेअरिंग आपसूक सरळ होत नाही. कागलच्या बाजूला हायवेवर ऐंशीला गाडी सारखी भरकटायची, दोन्ही हातांनी धरून ठेवावी लागायची. पाटा आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये दोन अंशांची पाचर, जाड बाजू पुढं, एवढाच त्यावरचा इलाज. मी स्वस्तातली ऑनलाइन मागवली. फरक पहिल्याच दिवशी कळला, पण धातू मऊ निघाला. विकणाऱ्यानं "वापरात तुटली, बदलून मिळणार नाही" म्हणून हात वर केले. गाडीचा अख्खा पुढचा भार ज्या तुकड्यावर, तो असा विकतातच कसा? याचा राग अजून गेलेला नाही.

एक गोष्ट मागे घेतो. तिसऱ्या महिन्यात मी भेटेल त्याला सांगत होतो, जादा पाटा घालू नका, पाठ मोडते. दोष पाट्याचा नव्हता. गाडी घोडीवर (स्टँडवर), चाकं लटकलेली, तशातच मी शॅकलचे बोल्ट आवळले होते. चाकं जमिनीला टेकली की रबरी बुश पिळले जातात आणि पाटा मोकळा हलतच नाही. चारी चाकं जमिनीवर ठेवून बोल्ट ढिले केले, गाडी दोनचारदा दाबून हलवली, परत आवळले. त्याच संध्याकाळी पन्हाळ्याला जाऊन आलो. सुख वाटलं.

आता पाचरी लोखंडी आहेत. उद्यमनगरातच मिलिंगवर पट्टीला दोन अंशांचा उतार काढून घेतला, सेंटर बोल्टचं भोक मापात पाडलं. जोडीला नऊशे रुपये लागले, ऑनलाइनवाल्यापेक्षा दोनशेच जास्त. पुढच्या यू बोल्टांच्या प्रत्येक नट आणि बोल्टवरून पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढलीय, नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. 340 किलोमीटर झाले. आज सकाळी टॉर्च घेऊन बघितलं, आठही रेघा सरळ आहेत.