बारा चित्रं, नऊ महिने आणि बोटाला न लागणारं ब्रेल

पहिली पाटी जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात गळली. चित्र जागेवर होतं, शेजारची नावाची पाटी खाली फरशीवर पालथी पडलेली. आठवड्याभरात अजून चार गळल्या. म्हणून हा अनुभव लिहिताना चित्रांपेक्षा पाट्यांबद्दल जास्त लिहिलं जाणार आहे. ज्यांना फक्त चित्रांचं मत हवंय त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकतो: चित्रं उत्तम आहेत, जरूर लावा.

रत्नागिरीतलं तीन मजली व्यापारी संकुल, २७ गाळे. खाली दुकानं, मध्ये कार्यालयं, वर दवाखाने. दिव्यांग चित्रकारांची चित्रं भाड्याने देणाऱ्या एका संस्थेकडून फेब्रुवारीत १२ चित्रं घेतली. संस्थेचं नाव लिहीत नाही, वाद अजून मिटायचा आहे. भाडं एका चित्राला महिना ४५० रुपये, म्हणजे एकूण ५,४०० आणि गाळ्यामागे २००. लावून देणं, पाट्या आणि वर्षभराची देखभाल त्यातच धरलेली. लॉबीत दरमहा बदलाव्या लागणाऱ्या कुंड्यांचा खर्च याहून जास्त येत होता, त्यामुळे पैशांची तक्रार नाही. तक्रार आहे ती ‘देखभाल’ या शब्दाची. करारात तो एका ओळीत उरकलेला आहे आणि किती दिवसांत कोण येणार, हे कुठेच नाही. पाच पाट्यांसाठी सात आठवडे लागले.

पाटी का गळते, ते बघा. तीन मिलिमीटरचा सनबोर्ड म्हणजे हलका फोमचा बोर्ड, वर छापील व्हिनाइलचा प्लॅस्टिक पापुद्रा, मागे दुहेरी फोमटेपच्या दोन पट्ट्या. फेब्रुवारीत भिंत कोरडी, टेप घट्ट. पाऊस लागला की जांभ्याचा चिरा पाणी ओढतो, गिलावा ओलसर होतो आणि डिस्टेंपरचा वरचा थर भुकटीसारखा सुटतो. टेप चिकटलेला असतो त्या भुकटीला, भिंतीला नाही. गळलेली पाटी उलटून बघितली तर टेपवर रंगाचा अखंड पापुद्रा आलेला दिसतो. त्यामुळे जास्त चांगला टेप आणून काही होत नाही. आता ३ मिलिमीटर ॲक्रिलिकची म्हणजे काचेसारख्या प्लॅस्टिकची पाटी, मागच्या बाजूने उलटी छपाई, दोन टोकांना ६ मिलिमीटरची गिट्टी (भिंतीत स्क्रू धरून ठेवणारी प्लॅस्टिकची नळी) आणि स्टेनलेस स्टीलचे स्क्रू, असं करून घेतलंय. एका पाटीला साधारण २०० रुपये पडले. आपल्याकडे साधे स्क्रू नकोतच. खाऱ्या वाऱ्याने गणपतीपर्यंत भिंतीवर गंजाचे ओघळ येतात. समुद्राकडे तोंड असेल तर ३१६ ग्रेड मागा, ३०४ वरही कालांतराने तांबूस डाग येतात.

पण गळणं ही लहान गोष्ट. पाट्या हातात आल्या तेव्हाच खरी चूक कळली. प्रत्येक पाटीवर खाली ब्रेलची ओळ होती. सगळ्यांनी त्याचं कौतुक केलेलं, उद्घाटनाच्या फोटोतही ती आहे. बोट फिरवलं तर गुळगुळीत. ठिपके छापलेले होते, उठावाचे नव्हतेच! काळ्या शाईचे गोल, काचेसारख्या सपाट व्हिनाइलवर. डोळ्यांनी बघणाऱ्याला ब्रेल दिसतं आणि ज्याच्यासाठी ते आहे त्याच्या बोटाला काहीच लागत नाही. पाच महिने १२ पाट्या भिंतीवर होत्या आणि कोणीही हात लावून पाहिला नाही. यात आमचीही चूक आहे. स्वीकारताना बोट फिरवायला दोन सेकंद लागली असती.

ब्रेलचा ठिपका साधारण अर्धा मिलिमीटर वर आलेला असावा लागतो आणि एका अक्षरातल्या दोन ठिपक्यांत सुमारे अडीच मिलिमीटर अंतर. डिझाइन करणारे ओळ जागेत बसवायला ती लहान-मोठी करतात. तसं केलं की उठाव असूनही वाचता येत नाही, कारण बोटाचं टोक तेवढंच राहतं. मराठीसाठी भारती ब्रेल, म्हणजे भारतीय भाषांसाठीची ब्रेल लिपी लागते. देवनागरी मजकूर इंग्रजी ब्रेलच्या फाँटमध्ये टाकला की निरर्थक ठिपके येतात आणि न जाणणाऱ्याला फरक कळत नाही. पाटीची जागाही ठरलेली हवी. प्रत्येक चित्राच्या उजवीकडे, जमिनीपासून मध्य १२० सेंटिमीटरच्या आसपास. चाकाच्या खुर्चीवरून ही उंची डोळ्यांना बरी पडते, उभ्या माणसाच्या हातालाही. आमच्याकडे दोन पाट्यांखाली बाकडी होती, म्हणजे ब्रेल वाचायला बाकड्यावर ओणवं व्हायचं. बाकडी हलवली.

साध्या अक्षरांचंही तेच. पिवळ्यावर पांढरी बारीक अक्षरं, तीही चकचकीत पृष्ठभागावर. वर ट्यूब असली की पाटीवर ट्यूबच दिसते. देवनागरीला वर-खाली मात्रा असतात, त्यामुळे ओळींत अंतर जास्त लागतं. मोतिबिंदू झालेल्या माणसाला जिन्यात वाचता यावं म्हणून आता २४ पॉइंट, गडद निळं, मळकट पांढऱ्या मॅट पाटीवर.

आणि मजकूर. मूळ पाटीवर सर्वांत मोठ्या अक्षरात ‘दिव्यांग कलाकाराची कलाकृती’. खाली नाव लहान. चित्राचं शीर्षक, माध्यम, आकार, वर्ष यातलं काहीच नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. त्या एका शब्दाने चित्राबद्दल तर काही कळत नाहीच, माणसाबद्दलही नाही. लोक जिन्यात थांबायचे, पाटी वाचायचे, ‘बिचारा’ म्हणून पुढे जायचे. चित्राकडे बघायचं राहूनच जायचं. चित्रकार सतीश गुजराल यांची श्रवणशक्ती लहानपणीच गेली. दिल्ली उच्च न्यायालयाच्या भिंतीवरचं त्यांचं म्युरल बघायला ती माहिती लागत नाही.

म्हणून जुलैपर्यंत ठाम मत होतं की पाटीवर दिव्यांगत्वाचा उल्लेखच नको. ऑगस्टमध्ये ते बदललं. नवीन पाट्यांच्या निमित्ताने संस्थेमार्फत या १२ चित्रांच्या नऊही चित्रकारांना एकच प्रश्न पाठवला: पाटीवर काय लिहायचं? पाच जणांनी फक्त नाव आणि माध्यम मागितलं. तिघांनी उल्लेख हवाच म्हणून कळवलं. एकाने लिहिलं, ‘तोंडात ब्रश धरून, ॲक्रिलिक, कॅनव्हासवर’ असंच लिहा, तो माझ्या कामाचा भाग आहे. पटलं. तोंडाने आणि पायाने चित्रं काढणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नावातच ती पद्धत आहे. शांतिनिकेतनात चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जींनी दृष्टी पूर्ण गेल्यावर १९७२ साली कलाभवनाच्या भिंतीवर टाइल्सचं म्युरल केलं. आकार हातांनी घडवून केलेलं ते काम बघताना ही गोष्ट माहीत असली की रेषेचं वळण वेगळं कळतं. तेव्हा लिहायचं की नाही हे चित्रकाराने सांगायचं, संस्थेने किंवा इमारतीने परस्पर ठरवायचं नाही. एका दूरध्वनीचं काम आहे आणि तेच कोणी केलेलं नव्हतं.

आता ओल. १२ पैकी दोन जलरंगांवर बुरशी आली. दोन्ही तळमजल्याच्या पश्चिमेकडच्या भिंतीवर, बाहेरून पावसाचा मारा बसतो तिथे. ही भिंत फेब्रुवारीत बघून ठरवली होती. कोकणात चित्राची भिंत ऑगस्टमध्येच बघून ठरवा. फूटभर चौरस प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर बंद करायचा आणि दोन दिवसांनी काढायचा. आतून दव दिसलं तर ती भिंत चित्रासाठी नाही. शिवाय चार-पाचशे रुपयांचा आर्द्रतामापक पॅसेजमध्ये टांगून ठेवा. ६५ टक्क्यांच्या वर हवा दिवसचे दिवस राहिली की कागदावर बुरशी धरते, आणि इथे आषाढात ती ९० च्या घरात असते.

दुसरं कारण फ्रेमची पाठ. एमडीएफची पाठ पाणी पिऊन फुगते, मधोमध पुढे येते आणि कागद काचेला टेकतो. जिथे टेकला तिथे पहिला ठिपका. पाठ पीपी प्लॅस्टिकच्या नालीदार शीटची हवी. माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, आम्लविरहित आणि कागद-काचेत निदान तीन मिलिमीटर अंतर ठेवेल इतका जाड. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना १० मिलिमीटरचे कॉर्कचे तुकडे चिकटवा, मागून हवा फिरते. एवढ्यानेच उरलेले तीन कागद वाचले. बुरशी दिसल्यावर सॅनिटायझर मारू नका, ओल्या फडक्याने पुसू नका, उन्हात टाकू नका. चित्र काढून कोरड्या वातानुकूलित खोलीत वेगळं ठेवा. बुरशी पूर्ण सुकून भुकटी झाल्यावर मऊ ब्रशने, मास्क लावून, उघड्यावर झाडायची. रंगात शिरलेला डाग मात्र तज्ज्ञाकडेच.

कॅनव्हासवरच्या ॲक्रिलिक रंगांच्या सात चित्रांना पावसाने काहीही केलं नाही. पुढच्या वर्षी तळमजल्यावर फक्त तीच.

टांगण्याबद्दल थोडक्यात. जांभ्यात हॅमर चालू ठेवून ड्रिल केलं की भोक पसरतं आणि गिट्टी नुसत्या गिलाव्यात अडकून राहते. साध्या ड्रिलवर, १० मिलिमीटर गिट्टी आणि ६५ मिलिमीटर स्क्रू घ्या, किंवा सरळ पिक्चर रेल (चित्रं टांगायची आडवी पट्टी) लावा आणि तिचे स्क्रू दर ४०-४५ सेंटिमीटरवर. रेल महाग वाटते, पण चित्र बदलताना नवीन भोकं पडत नाहीत. दोन बाय तीन फुटांच्या चित्राला चार मिलिमीटर काचेचं वजनच साडेपाच किलो. तीन मिलिमीटर ॲक्रिलिक दोन किलो भरतं, आणि जिन्यात फुटण्याची भीती नाही. फक्त ॲक्रिलिकवर अमोनियाचा काच पुसायचा फवारा मारू नका, धुरकट होतं. सफाई कामगारांना मायक्रोफायबरचं फडकं वेगळं द्या, हे सांगून ठेवावं लागतं. अरुंद पॅसेजमध्ये फ्रेम, दिवा काहीही भिंतीपासून चार इंचांहून पुढे नको. पांढरी काठी जमिनीलगत फिरते, छातीपाशी आलेली वस्तू तिला सापडत नाही.

अनपेक्षित आनंदाची गोष्ट: दोन चित्रं भिंतीवरूनच विकली गेली. दोन्ही वरच्या मजल्यावर दवाखान्यांबाहेर होती, जिथे लोक अर्धा-अर्धा तास बसतात. लॉबीतल्या सर्वांत चांगल्या भिंतीवरचं एकही नाही, तिथे कोणी थांबत नाही. चित्रं लावायची जागा वाट बघण्याची असावी, येण्याजाण्याची नव्हे. मात्र विक्रीत चित्रकाराला किती आणि संस्थेला किती, हे करारात नव्हतं. तीन वेळा विचारल्यावर लेखी आलं. हा आकडा सहीच्या आधी घ्या, भाड्यातल्या वाट्याचाही. आणखी एक: एका गाळेधारकाने चित्राचा फोटो दिवाळीच्या शुभेच्छापत्रावर छापायला घेतला होता, तो थांबवला. चित्र भाड्याने काय, विकत घेतलं तरी कॉपीराइट चित्रकाराकडेच राहतो. छापायला त्याची लेखी परवानगी आणि वेगळं मानधन लागतं.

करार पुढच्या वर्षासाठी वाढवतोय. १२ ऐवजी १० चित्रं, दुरुस्तीला १५ दिवसांची मुदत, मिरगाच्या आधी आणि दसऱ्यानंतर अशा दोन ठरलेल्या तपासण्या, आणि ब्रेल वाचणाऱ्या व्यक्तीने वाचून पाहिल्याशिवाय पाट्यांचे पैसे नाहीत. ती तपासणी फुकट करून घ्यायची नाही, त्याचं मानधन धरलं आहे. पहिला नमुना गेल्या आठवड्यात आला. ठिपके या वेळी बोटाला लागतात. चित्राचं शीर्षक ‘पागोळी’. वाचणाऱ्या बाईंनी दोनदा बोट फिरवलं आणि सांगितलं, इथे ‘पागोली’ आहे, ‘ळ’च्या जागी ‘ल’ पडलाय. नमुना दुरुस्तीला परत पाठवला आहे.