आधी प्रकल्प अहवाल की आधी विक्री? व्यवसायाची कल्पना पक्की करण्याच्या दोन वाटा

व्यवसाय करायचा हे ठरले आहे, कल्पनाही सुचली आहे, पण ती कर्ज काढण्याइतकी पक्की झाली आहे का याची खात्री वाटत नाही, अशा टप्प्यावर असणाऱ्यांसाठी हे लिहीत आहे. या टप्प्यावर आपल्यापुढे साधारणपणे दोन वाटा असतात. पहिली वाट अहवालाची: उद्योजकता प्रशिक्षण घ्यायचे, प्रकल्प अहवाल करून घ्यायचा, त्याला यंत्राचे कोटेशन, म्हणजे विक्रेत्याचे दरपत्रक, जोडायचे आणि पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमासारख्या, कर्जाबरोबर सरकारी अनुदान देणाऱ्या योजनेतून बँकेकडे जायचे. दुसरी वाट विक्रीची: घरच्या साधनांनी थोडा माल तयार करायचा, तो लोकांना पैसे घेऊन द्यायचा आणि काय होते ते पाहायचे. फ्रँचायझीची तिसरी वाट मी येथे धरत नाही, कारण तेथे कल्पना दुसऱ्याने आधीच पक्की केलेली असते.

मी सोलापूरचा. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होते, ज्वारीचे नाव सगळीकडे निघत होते, आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन असल्यामुळे ‘मालदांडी ज्वारीचे पीठ पाकिटातून पुण्याला’ ही कल्पना मला जवळजवळ सिद्ध झाल्यासारखीच वाटत होती. मी प्रशिक्षण घेतले आणि अहवाल करायला दिला. त्याला वेळ लागणार होता, म्हणून मधल्या काळात गिरणीतून पीठ दळून आणून, एक-एक किलोची पाकिटे करून पुण्यातील नातेवाइकांच्या सोसायट्यांमध्ये विकायला सुरुवात केली. अन्नसुरक्षा विभागाची लहान व्यावसायिकांसाठीची नोंदणी तेव्हा वर्षाला १०० रुपयांत होत होती, त्यामुळे ती करण्यात अडचण आली नाही. दोन्ही वाटा एकाच वेळी चालून पाहण्याचा योग मला असा अनायासे आला.

अहवालाच्या वाटेने मला जे दिले ते आधी सांगितले पाहिजे. खर्चाचा हिशेब मी त्याआधी कधीही नीट मांडला नव्हता. पाकिटाचा खर्च, दळणातील घट, वाहतूक, परत आलेला माल, स्वतःची मजुरी हे सारे रकाने भरताना माझ्या लक्षात आले की मी मनात धरलेला दर तोट्याचा होता. प्रशिक्षणात भेटलेल्या दोघा-तिघांशी आजही माझा धंद्याचा संबंध आहे. अनुदानही लहान नसते: या योजनेत अर्जदाराचा प्रवर्ग आणि ग्रामीण-शहरी भाग यांनुसार ते प्रकल्प खर्चाच्या १५ ते ३५ टक्के मिळते, मात्र ती रक्कम लगेच हाती येत नाही, ३ वर्षे बँकेत ठेव म्हणून राहते. तेलघाणा किंवा शीतगृह असा व्यवसाय मनात असेल, जेथे यंत्राशिवाय मालाचा नमुनाही तयार होत नाही, तर आधी अहवाल करण्यावाचून फारसा पर्याय दिसत नाही.

माझा कौल ज्या एका गोष्टीने फिरवला ती म्हणजे कोटेशन. अहवाल लिहिताना कल्पना अजून कच्ची असते, पण कोटेशन मात्र एका ठरावीक यंत्राचे, ठरावीक क्षमतेचे आणि ठरावीक विक्रेत्याचे जोडावे लागते. माझ्या बाबतीत ते पल्व्हरायझरचे, म्हणजे धान्य दळणाऱ्या यंत्राचे होते. कर्ज मंजूर झाल्यावर बँक यंत्राची रक्कम सहसा थेट त्या विक्रेत्यालाच देते, आणि अहवालातील उत्पादन, विक्री, नफा व हप्ते यांचे सगळे आकडे त्या एका यंत्राच्या क्षमतेवरून निघालेले असतात. अहवाल पूर्ण झाल्यानंतर मी तो करून देणाऱ्या सल्लागारांना विचारले की माल बदलला तर काय करावे लागेल. नवे कोटेशन, नवा अहवाल आणि प्रस्ताव पुन्हा पहिल्यापासून, असे त्यांनी सांगितले. त्यांचे काही चुकले नव्हते, पद्धतच तशी आहे. पण कल्पना बदलायची मोकळीक जेव्हा सर्वांत जास्त हवी असते, नेमक्या त्याच वेळी ही पद्धत तिला एका यंत्राशी बांधून टाकते.

आणि कल्पना तर बदलतच होती. पहिल्या महिन्यात पीठ भराभर गेले, परंतु तो नात्याचा मान होता. दुसऱ्यांदा मागणी करणारी घरे फार थोडी निघाली. मी प्रत्येक घरी फोन करून कारण विचारले, तेव्हा बहुतेकींनी एकच सांगितले की पाकीट उघडून काही दिवस झाले की भाकरी थापताना चिरते. ज्वारीत ग्लूटेन नसल्याने भाकरी जुळून येते ती ताज्या पिठाच्या विरीवर, म्हणजे चिकटपणावर, आणि पीठ जुने झाले की विरी जाते. हे आमच्याकडील कोणत्याही गृहिणीला ठाऊक आहे, मलाही ठाऊक होते, पण अहवालात त्यासाठी रकाना नव्हता आणि मीही ते मनावर घेतले नव्हते. त्याच फोनांमध्ये तिघींनी विचारले की तुमच्याकडची कडक भाकरी पाठवता येईल का. ती आठवडे टिकते, थापण्याचा प्रश्न उरत नाही आणि शेंगाचटणीबरोबर मुलेही खातात.

कडक भाकरीला पल्व्हरायझर लागत नाही. तिला लागतात पातळ भाकरी सफाईने थापणारे हात, मंद आच आणि प्रवासात तुकडा पडू न देणारे खोके. म्हणजे माझा खर्च यंत्रावरून मजुरीवर आणि बांधणीवर गेला. भांडवली खर्च नसलेला प्रकल्प त्या योजनेत बसत नाही, त्यामुळे माझी कल्पना जसजशी खरी होत गेली तसतशी ती त्या अहवालातून बाहेर पडत गेली. शेवटी मी प्रस्ताव मागे घेतला. तेव्हा वाईट वाटले होते, कारण अहवालाचे पैसे आणि चार महिने गेले होते. आजही पिठाची गिरणी टाकून उत्तम चालवणारे लोक मी पाहतो, म्हणून माझ्या अनुभवावरून सर्वांसाठी निष्कर्ष काढावा असे मी म्हणणार नाही.

विक्रीच्या वाटेचे दोषही मी भोगले आहेत. सुरुवातीचे गिऱ्हाईक ओळखीचे असते आणि ते दोष सांगत नाही. फोन करून खोदून विचारावे लागते, आणि ते अवघड जाते. घरची मजुरी हिशेबात धरली जात नाही, म्हणून दर कमी लावला जातो आणि पुढे तो वाढवताना गिऱ्हाईक तुटते. माझा पहिला दर तसाच चुकला होता. अहवालाच्या निमित्ताने हिशेब शिकलो नसतो तर तो मी कदाचित आणखी वर्षभर चालू ठेवला असता. म्हणून विक्रीच्या वाटेने जाणाऱ्यानेही अहवालाचे खर्चाचे कोष्टक तेवढे पहिल्याच आठवड्यात स्वतःच्या हाताने भरावे, असे मला वाटते. त्यासाठी बँकेत जाण्याची गरज नाही.

यंत्राशिवाय करून पाहता येईल असा माल तुमच्या मनात असेल, तर मी आधी विक्रीकडेच झुकेन, आणि कोटेशन मागवण्यापूर्वी ओळखीबाहेरची काही घरे तरी स्वतःहून दुसऱ्यांदा मागणी करतात का ते पाहीन. मला तसे होण्यास सुमारे सात महिने लागले. सध्या मी पुन्हा एक अहवाल करून घेत आहे. त्याला जोडलेले कोटेशन पाकिटे हवाबंद करणाऱ्या यंत्राचे आहे, आणि विक्रीचे आकडे माझ्या वहीतून उतरवलेले आहेत.