क्षार घालवायच्या यंत्रापायी ३४,५०० रुपये गेले

सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको. उजनीचं पाणी चार-पाच दिवसांआड, बाकी सगळं बोअरवर. नळांवर पांढरे थर, गीझरची कॉइल सारखी जाते, तूरडाळ लवकर शिजत नाही. अशा घरात ‘क्षार घालवतो’ म्हणत कुणी आलं तर कोण ऐकून घेणार नाही?

‘ताई, फक्त पाणी तपासतो,’ म्हणत दारात आलेल्या विक्रेत्याने दोन ग्लास मांडले. एकात आमचं बोअरचं, दुसऱ्यात त्याच्या बाटलीतलं. दोन्हींत सळ्या सोडून वीज दिली. बघता बघता आमचं पाणी पिवळं, मग तपकिरी गढूळ, वर हिरवट फेस. त्याचं जसंच्या तसं. सासूबाई घाबरल्या, ‘अगं, हे पितो आपण?’

सळ्या बाहेर काढल्या तेव्हा एक खाल्ल्यासारखी खडबडीत झाली होती. मी पाहिली ती! ती घाण पाण्यातली नव्हतीच, विरघळलेल्या लोखंडाचा गंज होता. क्षाराच्या पाण्यातून वीज जाते, आरओच्या पाण्यातून फारशी जात नाही, एवढाच खेळ. त्याच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाकलं असतं तर तोही गढूळ झाला असता. पण मी विचारायच्या आत त्याने सळई फडक्यात गुंडाळली आणि ‘आजच घेतलं तर ४८,००० चं ३४,५०० ला’ सुरू केलं. घरातली माणसं धास्तावलेली असताना सळई कोण निरखत बसतं?

२०,००० फोनवरून, १४,५०० बसवताना रोख. मिळाली काय, तर पाइपाला बाहेरून बांधायची चुंबकाची निळी डबी. थर तसेच. जडपणा खरोखर काढणाऱ्या सॉफ्टनरमध्ये रेझिन (क्षार धरून ठेवणारे बारीक मणी) असतं, ते मिठाच्या पाण्याने वरचेवर धुवावंच लागतं. ‘मीठ नको, देखभाल नको’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार मोजणारं मीटर नाचवत ‘बघा, आकडा उतरला’ म्हणणाऱ्यालाही. सॉफ्टनरमध्ये कॅल्शियमच्या जागी सोडियम येतं, टीडीएस उतरत नाही.

पोलीस म्हणाले, ‘वस्तू दिली, पावती दिली, मग फसवणूक कसली? दिवाणी मामला आहे.’ अर्जाची पोच मागितली तर ‘साहेब आल्यावर’. साहेब कधी येणार, ते कुणी सांगेना. पालिकेत गेले तर ‘बोअरचं पाणी आमच्याकडे येत नाही’. पावतीवरच्या पत्त्यावर झेरॉक्सचं दुकान. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार घेतली, आता म्हणे कंपनीच्या उत्तराची वाट बघा. ज्याने लुबाडलं त्याच्याच उत्तराची! दाद मागायची तरी कुणाकडे?

पावतीवर जीएसटी नंबर नसेल तर एक रुपयाही देऊ नका. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही, मी दाखल करतेय. तुमच्या पाइपालाही तसली डबी असेल तर पावती आणि पैसे भरल्याचा मेसेज जपून ठेवा आणि तुम्हीही तक्रार टाका.