गच्चीवरची पिल्लं की झाडातली ढोली?

सांगलीत, विश्रामबागला माझ्या मामेभावाच्या गच्चीवर सन कन्युअर या पिवळ्या-केशरी परदेशी पोपटाच्या सहा जोड्या आहेत. पिल्लू दहा-बारा दिवसांचं झालं की तो त्याच्या पायात बंद कडी सरकवतो. पाय भरला की ती निघत नाही. पिल्लू रानातून धरलेलं नाही, याची ती खूण. मेहनत खरी आहे. पण गयाना-ब्राझीलच्या रानात हाच पक्षी धोक्यात आहे आणि या गच्चीवरून एकही तिकडे परत जाणार नाही.

तरी पाळणाऱ्यांना मोडीत काढू नये. स्पिक्स मकाव या ब्राझीलच्या निळ्या पोपटाचा रानातला शेवटचा नर २००० साली दिसेनासा झाला. पिंजऱ्यांत काही उरले होते, म्हणूनच २०२२ मध्ये ब्राझीलमध्ये ते पुन्हा सोडता आले.

मॉरिशसनं जास्त भर रानावर दिला. १९८० च्या दशकात तिथले इको पोपट जेमतेम डझन-दोन डझन होते. घरटी राखली, पेट्या टांगल्या, खाणं पुरवलं, काही पिल्लं वाढवून सोडली. आज ते शेकड्यांनी आहेत.

माझा कौल ढोलीला. आपले देशी पोपट पाळणं तर कायद्यानं गुन्हाच आहे. त्यांना कृष्णाकाठची जुनी झाडंच हवीत. पिंजरा उपयोगी पडतो तो वंशावळ नीट लिहिलेली असेल तरच. भावाच्या वहीत विक्रीचा हिशेब आहे, पिल्लांचे आई-बाप नाहीत. या दिवाळीत ती वही दोघं बसून नव्यानं आखणार आहोत.