विजेचा रेट तासागणिक बदलणारा घ्यावा की ठरलेल्या स्लॉटचा?

फिक्स्ड रेटचं सोडा, ज्याला डोक्याला ताप नको त्याने तो घ्यावा. बदलत्या रेटमध्ये दोन प्रकार, एक बाजारभावाप्रमाणे तासातासाला हलणारा आणि दुसरा रात्री स्वस्त, संध्याकाळी महाग असा कायमच्या स्लॉटचा. दोन्ही वापरून झालेत.

तासाचा रेट दिसायला भारी, खोटं कशाला बोला. ऊन-वारा जोरात असला की सौर आणि पवन वीज भरपूर होते आणि घाऊक भाव कधी कधी शून्याच्याही खाली जातो, पण लगेच हुरळू नका, बिलातला वहन आकार (तारांवरून वीज घरी पोचवण्याचा खर्च) आणि टॅक्स काही त्या दिवशी सुट्टीवर जात नाहीत, त्यामुळे भाव निम्मा झाला तरी बिल निम्मं होत नाही.

मला नडलं ते वेगळंच. उद्याचे भाव आज दुपारी कळतात आणि स्वस्त तास रोज जागा बदलतो, कधी पहाटे तीन तर कधी रविवारी भरदुपारी. आता आमच्या वॉशिंग मशीनला घड्याळ नाही, फक्त "इतक्या तासांनी सुरू" एवढंच बटण, म्हणजे रोज झोपायच्या आधी ॲप उघडा, आत्ता किती वाजले, तीनला किती तास उरले, बोटं मोजा, आणि डिशवॉशरचं नेमकं उलटं, त्याला संपायची वेळ द्यायची! त्यात घरातलं कोणी मधेच मशीन लावलं की सगळं मुसळ केरात. स्लॉटमध्ये स्वस्त वेळ रोज तीच, हिशोब एकदा बसला की विषय संपला.

स्लॉटचीही गोम आहे, स्वस्त वेळेबाहेरचा रेट बऱ्याचदा फिक्स्डपेक्षा चढा असतो, दिवसभर घरात एसी किंवा हीटर चालत असेल तर तोटाच व्हायचा.

आणि तासाच्या रेटला वरची मर्यादा आहे का ते बघाच. फेब्रुवारी २०२१च्या थंडीत टेक्सासात घाऊक भाव युनिटला ९ डॉलरवर जाऊन काही दिवस तिथेच चिकटला होता, थेट बाजारभावाचा प्लॅन घेतलेल्यांना हजारो डॉलरची बिलं आली.

अर्थात इलेक्ट्रिक गाडी किंवा घरची बॅटरी असेल आणि चार्जर स्वतःच भाव बघून चालू-बंद होत असेल तर माझं बोलणं बाद, खुशाल तासाचा घ्या. नाहीतर स्लॉट, असं आपलं मला वाटतं. स्मार्ट मीटरचा तासवार डेटा मिळत असेल तर आधी तो बघा, संध्याकाळचे किती युनिट खरंच रात्रीवर ढकलता येतात ते, कारण स्वयंपाक आणि दिवे काही हलत नाहीत, उरतात गीझर, कपडे आणि भांडी.