फोंड्यात बनलेला डिस्क टूचा नवा बोर्ड

ऍपलच्या डिस्क टू या फ्लॉपी ड्राइव्हचा ॲनालॉग बोर्ड, म्हणजे डिस्कवरचा सिग्नल वाचणारा सर्किट बोर्ड, फोंड्यात नवा करून मिळतो हे भाच्याने सांगितले, तेव्हा मी आधी हसलो. १९७८ सालचा ड्राइव्ह, आणि त्याचा बोर्ड फोंड्याच्या वरच्या बाजारात? पण मिळतो. मी घेतला, बसवला, आणि खाली लिहिले आहे ते वापरून लिहिले आहे.

आमचा ऍपल टू-ई थोरल्या भावाने कुवेतहून आणलेला. कॉम्प्युटर ठणठणीत, ड्राइव्ह मात्र गेलेला. कारण शोधायला लांब जायला नको. गोव्याचा पावसाळा, भिंतींना ओल, तांबे हिरवे पडलेले आणि आयसीचे, म्हणजे चिपचे, पाय गंजून हातात येणारे.

बोर्ड बनवणाऱ्या मुलाच्या दुकानावर पाटी मोबाइल दुरुस्तीची आहे. दिवसभर स्क्रीन बदलायच्या आणि दुकान बंद झाल्यावर हे उद्योग, असा त्या मुलाचा क्रम. बोर्डाची आखणी किकॅड या सर्किट आखायच्या सॉफ्टवेअरमध्ये स्वतः करतो, चीनमधून छापून मागवतो, आयसी स्वतः बसवतो. तयार बोर्ड २,८०० रुपये. नुसता कोरा हवा असेल तर ६०० रुपये, मग सोल्डरिंग तुमचे तुम्ही.

हा बोर्ड हुबेहूब नक्कल नाही, आणि मला आवडले ते हेच. काय बदलायचे आणि कशाला हात लावायचा नाही, हे त्याला नेमके कळले आहे. डिस्क वाचणाऱ्या हेडकडून येणारा सिग्नल जेमतेम काही मिलिव्होल्टचा. एमसी३४७० ही आयसी तो वाढवते, त्यातली शिखरे हुडकते आणि खोटी शिखरे वेळेच्या हिशेबाने गाळून टाकते. हा सगळा हिशेब बाजूच्या रेझिस्टर-कपॅसिटरच्या मापांवर चालतो. डिस्कच्या आतल्या ट्रॅकवर, म्हणजे गोल पट्ट्यांवर, बिट दाटीने बसलेले असतात, म्हणून मापे चुकली की पहिली बोंब तिथेच होते. ती मापे त्याने जुनीच ठेवली आहेत. का, असे विचारले तर म्हणाला, "काका, तिथे शहाणपणा करायचा नसतो."

शहाणपणा त्याने बाकीच्या ठिकाणी केला आहे. हेडच्या बाजूला खाली तांब्याचा सलग ग्राउंड दिला आहे. प्रत्येक आयसीला सॉकेट आहे, तेही गोल भोकांचे. साध्या पत्र्याच्या सॉकेटची आमच्याकडच्या हवेत दोन-तीन पावसाळ्यांत वाट लागते. आणि वीस पिनांच्या केबलसाठी खाच असलेला कनेक्टर. मूळ ड्राइव्हवर नुसत्या उघड्या पिना होत्या. केबल एक पिन सरकून बसली की बारा व्होल्ट भलतीकडे जातात आणि ७४एलएस१२५ जळते. हा ड्राइव्ह बाळगणाऱ्याला ही आयसी पाठ असते. पण ड्राइव्हच्या बाजूला खाच दिली तरी केबलच्या दुसऱ्या टोकाला, कॉम्प्युटरमधल्या कंट्रोलर कार्डावरच्या पिना उघड्याच राहतात, आणि चूक बहुतेक वेळा तिथेच होते. म्हणजे इलाज अर्धाच झाला. त्याने कार्डही करायला घ्यावे. ऍपलचा सहसंस्थापक वॉझ्नियॅक याने ते आठ आयसींत बसवले होते, त्यामुळे काम आवाक्याबाहेरचे नाही.

बसवल्यावर आधी ती ओळखीची खडखड ऐकू आली. या ड्राइव्हला शून्य ट्रॅक ओळखणारा सेन्सरच नाही, हेड आडणीला आपटूनच जागा ठरवते. मग ऍपलची डिस्कप्रणाली डॉस ३.३ वर आली. १४० केबीची डिस्क पस्तीसही ट्रॅक वाचत गेली. लिहूनही पाहिले, एरर नाही.

तरी घाई करून बोर्ड मागवू नका. मोटरचा वेग सांभाळणारा बोर्ड वेगळा असतो, तो या पैशांत येत नाही. तुमचा ड्राइव्ह मिनिटाला ३०० फेऱ्यांच्या आसपास फिरत नसेल तर नवा ॲनालॉग बोर्ड काय करणार? खालच्या चाकावर रेघांची दोन वर्तुळे आहेत, एक ६० हर्ट्झचे, एक ५० हर्ट्झचे. आपण ५०चे बघायचे. जुन्या चोक-स्टार्टरच्या ट्यूबलाइटखाली रेघा स्थिर दिसल्या की वेग बरोबर. एलईडी बल्बखाली खात्री नाही. हेड आयसोप्रोपिलने पुसून घ्या आणि बुरशी आलेली फ्लॉपी तर आत घालूच नका. एक घातली की हेडवर थर बसतो आणि बोल बिचाऱ्या बोर्डाला लागतो.

आता तक्रारी. बोर्डावरची अक्षरे इतकी बारीक की भिंग लागते. सोबत येणारा कागद एका पानाचा, त्यात केबल कुठल्या तोंडाने लावायची हेसुद्धा धड लिहिलेले नाही. आणि खरी तक्रार म्हणजे तो सर्किटचा नकाशा देत नाही. 'कोणीतरी उचलेल' म्हणतो. अरे बाबा, ऍपलने १९७८ च्या लाल मॅन्युअलमध्ये अख्ख्या कॉम्प्युटरचा नकाशा छापून दिला होता, म्हणून तर ही यंत्रे आजवर दुरुस्त होत आली. उद्या हा मुलगा दुबईला गेला तर त्याच्या बोर्डाला कोण हात लावणार? एक तारा मी यासाठीच कापला आहे, पाचपैकी चार.

कुरिअरने पाठवतो, पण जमले तर ड्राइव्ह घेऊन जा. तो समोर लावून, डिस्क वाचून दाखवतो आणि त्याचे वेगळे पैसे घेत नाही. एमसी३४७० आता कोणी बनवत नाही, तो जुन्या साठ्यातल्या मिळवतो, तेव्हा आधी फोन करून शिल्लक आहे का विचारा. चतुर्थीच्या आठवड्यात मात्र तो फोन उचलत नाही.