निवृत्तीनंतर थेट मुख्य कोच की आधी सहाय्यक? किड आणि लू यांच्या दोन वाटा

NBA या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमधला खेळाडू जेसन किड जून 2013 मध्ये निवृत्त झाला आणि त्याच महिन्यात ब्रुकलिन नेट्स या संघाचा मुख्य कोच बनला. त्याच लीगमधला टायरन लू 2009 मध्ये खेळायचा थांबला आणि मुख्य कोच व्हायला त्याला जानेवारी 2016 उजाडला. दोघेही पॉइंट गार्ड, म्हणजे मैदानात संघाच्या चाली चालवणारे, खेळ वाचण्यात पक्के. पण किती टाइमआउट (खेळ थांबवून संघाशी बोलायच्या मोजक्या संधी) राखून ठेवायचे, कोणाला कधी बसवायचं, हे खेळाडूच्या अंगावर कधी पडतच नाही.

27 नोव्हेंबर 2013. लेकर्स संघाविरुद्ध शेवटचे 8.3 सेकंद उरलेले, नेट्सचे टाइमआउट संपलेले. किडने आपल्याच खेळाडूला धडकायला लावून हातातलं पेय कोर्टवर सांडलं. पुसापुशी होईपर्यंत खेळ थांबला आणि तेवढ्यात सहाय्यकाने चाल समजावली. सामना गेलाच, वर 50,000 डॉलर दंड.

आता लू. मे 2015, शिकागोत बुल्स संघाविरुद्धचा प्लेऑफ (बाद फेरीचा) सामना, बरोबरीत. लूच्या क्लीव्हलँड संघाकडे टाइमआउट नसताना मुख्य कोच डेव्हिड ब्लॅट तो मागायला पुढे सरसावले आणि सहाय्यक लूने त्यांना मागे खेचलं. पंचांनी मागणी टिपली असती तर टेक्निकल फाउल, म्हणजे बुल्सना फ्री थ्रो (अडथळ्याविना बास्केटवर फेक). पुढे क्लीव्हलँडच्या लेब्रॉन जेम्सने शेवटच्या क्षणी बास्केट करून 86-84 असा सामना काढला. ही सावधता आधी बॉस्टन आणि क्लिपर्स या संघांकडे मुख्य कोच डॉक रिव्हर्स यांच्या हाताखाली वर्षानुवर्षं बसून येते. 2016 मध्ये मुख्य कोच म्हणून लूने अंतिम मालिकेत 1-3 अशा पिछाडीवरून अजिंक्यपद जिंकलं.

सहाय्यकाच्या वाटेत पगार कमी. वाट्याला आलेल्या प्रतिस्पर्ध्यांचे सामने पाहायचे, क्लिप काढायच्या, त्यांच्या नेहमीच्या चाली आपल्या संघाला दाखवायच्या. बढतीची हमी नाही. तरीही बहुतेकांनी हीच वाट धरावी. खेळाडूपदावरून थेट खुर्चीवर बसलेल्या डेरेक फिशरच्या निक्स संघाचा पहिला हंगाम 17 विजय, 65 पराभव असा गेला.

थेट जायचंच असेल तर स्टीव्ह कर्रकडे पाहा. 2014 मध्ये वॉरियर्स संघाचा कोच होताना त्याच्यापाशी कोचिंगचा अनुभव नव्हता, पण फिनिक्स संघाचा जनरल मॅनेजर म्हणून संघ चालवलेला होता. त्याने शेजारी आल्विन जेन्ट्री आणि बचावासाठी रॉन अॅडम्स असे मुरलेले सहाय्यक घेतले. पहिल्याच हंगामात 67 विजय आणि अजिंक्यपद. किडकडेही लॉरेन्स फ्रँकसारखा अनुभवी माणूस होता, पण डिसेंबरपर्यंत त्यांचं फिसकटलं आणि फ्रँकला बाकावरून हलवून रोजचे अहवाल लिहायला बसवलं. म्हणून करारावर सही करण्याआधी दोन गोष्टी ठरवून घ्या: सहाय्यक निवडायचा हक्क कोणाचा, आणि बचाव नेमका कोणाच्या हाती.